कागोयाला मारलेल्या हाका

आजी : रक्तात काही सापडलं नाही ना? मग झालं तर. ये, रताळी सोलायला बस.

नाइकोबा : आजार रक्तात नाहीच, आजी. सुरी दे.

आजी : आमच्या वेळी माशी चावली की रक्तात किडा निघायचा. सरोवराकाठी ती निळी फडकी उगीच टांगली होती का, माशा धरायला? किडा निघाला तर झोपेचा रोग. नाही निघाला तर आळस.

नाइकोबा : तिसरंही काही असतं. डोक्याला तारा लावून रात्रभर माझी झोप तपासली. दुसऱ्या दिवशीही दर दोन तासांनी, असं पाचदा, झोप म्हणायचे.

आजी : मग तू तर पहिली आली असशील.

नाइकोबा : पाचही वेळा. अकरा तास झोपले तरी माझी झोप भागत नाही, आणि का ते कुणालाच कळत नाही. नाव लांबलचक आहे, इडियोपॅथिक हायपरसोम्निया.

आजी : ठाऊक नाही एवढं सांगायला इतकं मोठं नाव? आणि त्यासाठी तू नैरोबीपर्यंत गेलीस?

नाइकोबा : हसू नको गं. हेडबाईंनी शेवटची ताकीद दिलीय. सोमवारी पोरं पुन्हा बंद वर्गाबाहेर उभी दिसली, तर नोकरी गेली. गोळ्या दिल्यात. साडेपाचला कुणीतरी मला गोळी द्यायची, मी परत आडवी होणार. साडेसहापर्यंत गोळी लागू पडते, तेव्हा उठवायचं. गजर मला ऐकूच येत नाही. तू उठवशील?

आजी : मी नाही. शेजारणीला सांग.

नाइकोबा : का?

आजी : उठवायला गेलं की शिव्या देतेस.

नाइकोबा : मला त्या आठवतही नाहीत. तोही आजाराचाच भाग. खरं कारण सांग.

आजी : (सुरी खाली ठेवून) कागोयाही असंच म्हणायची. "ताई, झोपेत मी काही बोलले का गं?"

नाइकोबा : तुझी धाकटी बहीण. जी सारखी झोपायची.

आजी : डॉक्टरांची गाडी आली होती. दोनदा तिचं रक्त घेतलं, पाठीतलं पाणी काढलं. काही नाही निघालं. त्या दिवसापासून तिला कुणी आजारी म्हटलं नाही. नवऱ्याने माझ्या दारात आणून सोडली. म्हणाला, मुलगा माझा, उद्या सकाळच्या होडीने केनियात नेतो.

नाइकोबा : आणि ती उठली नाही. तू किती हाका मारल्यास, ते गावात अजून सांगतात.

आजी : हो. गावात सांगतात.

नाइकोबा : मग?

आजी : रात्री मला म्हणाली होती, ताई, उठव हं, पोराला एकदा पोटाशी धरते. दुपारी उठली. रडली नाही, भांडली नाही. पाण्याच्या कडेकडेने होडी गेली तिकडे चालत निघाली. ती काही परत आली नाही. अजून पहाटे मला जाग येते ती तिच्याच आवाजाने. ताई, वेळ झाली का?

नाइकोबा : तो आजार होता, आजी. तेव्हा कुणाला कळणार होतं?

आजी : साडेपाच म्हणालीस?

नाइकोबा : साडेपाचला गोळी. साडेसहाला उठवायचं.

आजी : आणि एका हाकेने नाही उठलीस तर?

नाइकोबा : हलव, ओढून बसव. शिव्या दिल्या तरी सोडू नको. पाय जमिनीला टेकेपर्यंत हाका मारत राहा.

आजी : कागोयाला मी एकच मारली होती. म्हटलं, घडू दे अद्दल. एकच, दारातून. तीही हळू.