निरगुडीच्या काड्या

पीरमहंमद : …आपल्या दोन रानांमधला बांध तर परवाच्या पुरानं नेलाच. भिमाजी बी गेला. तवा वहिनी, यंदा नवऱ्याच्या जागी तुमी चाला.

प्रयागबाई : मी न्हाई चालायची, भावजी. डोळं तुमी बांधा. मी मागनं काड्या रोवते.

पीरमहंमद : बत्तीस वर्सं त्योच चालला. पूर वसरला की उंबराला पाठ लावायची, मुंडासं डोळ्यांवर वढायचं न् सरळ नदीपत्तूर जायचं. मी मागनं निरगुडीच्या काड्या रोवीत जायचो. त्योच नवा बांध.

प्रयागबाई : तुमचे अब्बा म्हणायचे, डोळं उघडं असलं की पाय हावरं व्हत्यात.

पीरमहंमद : स्वराज्य आलं त्या सालचा पूर आठवतो? कुकडीनं तुमची मिरची, माझी बाजरी, समदं नेलं. आन् गाळ असा दिला, की त्यात भिमाजी मांडीपत्तूर रुतला!

प्रयागबाई : त्यास्नी वढताना तुमी बी रुतलात. दोघं म्हशीवानी बसून हसताय, आन् मी भाकरी घेऊन काठावर उभी.

पीरमहंमद : त्या साली हरभरा काय आला, वहिनी!



प्रयागबाई : त्या हरभऱ्याचंच बोलायचंय. त्यांचा डावा पाय अधू. डोळं बांधून ते दर पुराला डावीकडं सरकायचे. डावीकडं तुमचं रान.

पीरमहंमद : बरं.

प्रयागबाई : बरं काय? तुमच्या गाळाचं आमी खाल्लं. जाताना मला म्हणाले, पीरला सांग. वर्स झालं, जीभ रेटली न्हाई. आता तुमी सरळ चाला. त्यो डावीकडचा गाळाचा पट्टा जाईल माझा, जाऊ द्या.

पीरमहंमद : त्या पट्ट्यावर तुमचं वर्साचं पोट हाय.

प्रयागबाई : असंल. त्यांच्या नावावर खोटा बांध नको.

पीरमहंमद : पाय कशानं अधू झाला, सांगितलं का कधी त्यानं?

प्रयागबाई : ल्हानपणी चिंचेवरनं पडले.

पीरमहंमद : आन् फांदी कुणी हलवली?

प्रयागबाई : ते न्हाई कधी बोलले.

पीरमहंमद : न्हाईच बोलायचा त्यो. बांधा मुंडासं. घट्ट बांधा.

प्रयागबाई : बांधलं. चाला… आवं भावजी! डावीकडं चाललाय तुमी! तुमचे पाय तर धड हायेत!

पीरमहंमद : डोळं बांधल्यात, वहिनी. मला काय दिसतंय? तुमी काड्या रोवा.