दांडीच्या वरून गेलेला बॉल

चहा राहू द्या, आधी हे ऐका! आमच्या उकव्यात, या खाणीच्या गावात, आयर्लंडचा खेळ झाला. माझी बहीण सुनंदा तिकडं नर्स आहे. दिवाळीले आली ते बॉल घेऊनच. "दादा, हा गेलिक फुटबॉल. बॉल हातात घेऊन पळायचं, पण चार पावलांत टप्पा मारायचा, नाही तर पायानं उडवून झेलायचा."

तिनं खदानीजवळच्या मैदानात बांबूचे गोलपोस्ट उभारले. आडव्या दांडीच्या वरही खांब उंच ठेवले अन् पोरींले शिकवू लागली. फुटबॉलवाल्या पोरांचा कप्तान रोशन भडकला. "दीदी, मैदान आमचं हाये!"

"मग हाच खेळ खेळून दाखवा. पोरी जिंकल्या तर एक दिवस आड मैदान त्यायचं."

पोरांनी घाईत अर्धेच नियम ऐकले. पण काय मॅच झाली राजेहो! अख्खी कॉलनी ओरडून राह्यली होती. शेवटी दोघांचा एक-एक गोल. तेवढ्यात पायल नावाची पोरगी दोघांले चकवून निघाली अन् तिनं लाथ हाणली. बॉल दांडीच्या वरून पार झाडीत! पोरं नाचू लागली, "चुकला! चुकला!" माझा तर जीवच गेला.

सुनंदानं मॅच संपल्याची शिट्टी मारली. "दांडीखालून गेला तर तीन पॉइंट, वरून गेला तर एक. पोरी जिंकल्या!"

रोशन दांडीकडं पाहतच राह्यला. मग म्हणतो कसा, "दीदी, फुटबॉलमधी आमचे अर्धे बॉल वरूनच जातात. आमाले हा खेळ काहून नाही शिकवला?"