हे बरं, की हे?

...आणि वर मलाच ऐकवतात, "तुम्ही लोकांना घाबरवता!" मी? अहो, मी? मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा साधा माणूस आहे हो! मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि कानाशी हळूच विचारायचं, "हे बरं, की हे?" संपलं! अख्खं आयुष्य या एका प्रश्नावर काढलंय मी. घरी बायको पडद्याचं कापड दाखवते तेव्हाही ती विचारायच्या आधी मीच विचारतो, इतकं ते तोंडात बसलंय. आणि मध्यंतरी काय झालं? एक धडधाकट बाप्या आला, व्यायामशाळेत शिकवणारा, दंड हे एवढाले! त्याला बसवला, दिवा घालवला, वाकलो आणि म्हटलं, "हे बरं, की..." तर तो खुर्चीसकट मागे! "आई गं, तोच आवाज, तोच!" करत जो सुटला, तो फ्रेम नाकावर तशीच घेऊन रस्त्यावर! आमची फ्रेम! आमच्या मालकीणबाई त्याच्या मागे पळताहेत, तो मागे वळून त्यांना बघतोय आणि आणखी जोरात पळतोय, कारण नाकावर भिंगं भलतीच, त्यांतून मालकीणबाई कशा दिसत असतील याची तुम्हीच कल्पना करा.

तुम्हाला सांगतो, मी घाबरट नाही. मी दचकतो. फरक आहे! घाबरणारा माणूस आधीपासून घाबरलेला असतो. मी आधी अगदी निवांत असतो. मग दचकतो. मग पुन्हा निवांत... होईपर्यंत पुन्हा दचकतो.

हे सगळं सुरू केलं माझ्या मेहुणीने. नर्स आहे ती, रक्तबिक्त रोजचंच, तिला काय कशाची भीती! एकदा घरी आली आणि म्हणाली, "भाऊजी, सारखे कपाळाला आठ्या घालून बसता, हे वाचा, पोट धरून हसाल." वाचलं. हसलो. पोट धरून काय, भिंत धरून हसलो. लिहिणारी एक बाई. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही, सगळे तिला दचकताई म्हणतात. ही दचकताई घरी बसून एकटीने भीतीचे गेम बनवते. मागे कंपनी नाही, मंडळी नाहीत. चित्रं हिची, आवाज हिचे, भुतंही हिचीच. आणि ते बनवताना घरात काय काय गोंधळ होतो ते लिहून टाकते. म्हणे, भुताचा श्वास हवा होता म्हणून दुपारी नवरा आडवा झाला होता त्याच्या नाकाशी माइक धरला, तो एकदम जागा झाला, तो ओरडला, ही ओरडली, आतून सासूबाई ओरडल्या. शेवटी म्हणते, "श्वास काही मिळाला नाही, पण किंकाळ्यांची वर्षभराची बेगमी झाली." आता याला काय म्हणणार तुम्ही? जेवणाच्या सुट्टीत मी हे दुकानात मोठ्याने वाचून दाखवायचो. मालकीणबाईसुद्धा हसल्या होत्या हो, ज्या गिऱ्हाईक समोर असल्याशिवाय हसत नाहीत!

मग तिच्या चाहत्यांच्या ग्रुपात शिरलो. तिथली रीत न्यारी. कौतुक म्हणून छान, सुंदर, अप्रतिम असलं काही लिहायचं नाही. गेम आवडला की लिहायचं, "मेलो!" कुठे मेलो तेही लिहायचं. "जिन्यात मेलो." "माळ्यावर मेले, भावासकट." ज्या गेममध्ये जास्त मेले तो गेम मोठा! एकदा माझा मोबाइल उघडा राहिला आणि बायकोने वाचलं, "न्हाणीघरात मेलो, काय मजा आली!" ती घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आली. "अहो, हा कोण? आणि याच्या घरच्यांना कुणी कळवलं का?"

पण नुसतं फुकटचं हसून चालतं का? त्या ताईचा जीव गेमात. तिचं लिखाण चवीने वाचायचं आणि गेमला हात लावायचा नाही, हे मनाला पटेना. म्हटलं, खेळू. भर दुपारी, सगळे पडदे सारून, मिक्सर चालू ठेवून, बायकोला शेजारी बसवून खेळलो. जिन्यात काही तरी बसलेलं होतं. बसलेलंच होतं हो, उठलंसुद्धा नाही! नुसती मान वळवली त्याने. मी असा काही ओरडलो की बायको म्हणाली, "आता एक तर तो गेम बंद करा, नाही तर मिक्सर. दोघांचा मिळून आवाज सहन होत नाही." मी सांगितलं तिला, घाबरलो नाही, दचकलो. आणि लगेच ग्रुपवर लिहिलं, "जिन्यात मेलो." काय सांगू तुम्हाला, इतका अभिमान मला लग्नातसुद्धा वाटला नव्हता!

तिथेच थांबायला हवं होतं. पण नाही! कौतुक उतू चाललं होतं ना! ताईला लांबलचक संदेश लिहिला. "ताई, तुमच्यामुळे दिवस हलका होतो. मी चष्म्याच्या दुकानात असतो, दिवसभर अंधारात बसून लोकांना विचारतो, हे बरं, की हे?" तिचं लगेच उत्तर! "काका, किती छान! ते वाक्य एकदा तुमच्या आवाजात बोलून पाठवाल?" आता सांगा, एवढी मोठी कलाकार मागतेय, नाही म्हणणार का कुणी? खाकरलो, पाणी प्यायलो, आणि असं मखमली आवाजात पाठवून दिलं. तिने उत्तरात एकच शब्द लिहिला, "मेले!" मी आपला हुरळलो.

पुढे तिचा नवा गेम आला. नाव? "तपासणी"! मी जेवणाच्या सुट्टीत आमच्याच खोलीत, आमच्याच खुर्चीत बसून, कानात हेडफोन घालून लावला. अक्कल बघा माझी! समोर अंधारी खोली, अक्षरांचा तक्ता. भिंग बदललं की खोली जरा स्पष्ट होते. कोपऱ्यात काही तरी आहे. पुन्हा भिंग, आणखी स्पष्ट. तुम्हाला वाटतं, नको आता, नको, मला कमीच दिसू दे... आणि तेवढ्यात थेट कानात, अगदी जवळून, "हे बरं... की हे?" माझा आवाज! माझाच हो! पाचावर धारण बसली. स्वतःच्या आवाजाला दचकून मी खुर्चीखाली गेलो आणि तिथूनच ओरडलो, "कोण आहे?" बाहेरून मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्हीच आहात!" अहो, तीच तर भीती होती ना!

ग्रुपवर मढ्यांचा नुसता खच. "खुर्चीत मेलो." "भिंगात मेले." "हा आवाज कुणाचा? माणसाचा आहे की काय?" मला आनंद व्हावा की नाही? झाला. पण दुसऱ्या दिवसापासून दिवा घालवायला हात धजेना. त्या कोपऱ्याकडे पाठ करायची म्हटली की मानेवर काटा. मी दार उघडं ठेवून तपासायला लागलो. तक्त्यावर बाहेरचा उजेड, अक्षरं पुसट, नंबर सगळे भलतेच! एका शिक्षिकेला असा चष्मा दिला की तिला स्वतःचा वर्ग दिसेना आणि शेजारचा दिसायला लागला. वाक्यही बदलून पाहिलं. "आधीचं बरं की आत्ताचं?" म्हटलं, तर एक म्हातारबुवा खुर्चीतून अर्धे उठले, "आधी कोण होतं?" आणि ज्यांनी गेम खेळलाय ते तर मी खाकरलो तरी किंचाळायचे. त्यातच तो व्यायामशाळेवाला पळाला, आणि मालकीणबाईंनी मला समोर उभं केलं. "हे बघा, एक तर दार लावून, दिवा घालवून नीट तपासा. नाही तर उद्यापासून बाहेर बसा आणि फ्रेमा पुसा."  डोळे तपासण्याखेरीज दुसरं काही येत नाही मला. मी जर फ्रेमा पुसत बसलो, तर मी कोण उरलो?

मी ताईला लिहिलं. मन घट्ट करून, खाली दुकानाचा पत्ता घालून लिहिलं. "ताई, गेम फार उत्तम आहे, त्यातला माझा आवाज तेवढा काढा, माझी नोकरी जातेय." उत्तर नाही. मला वाटलं, रागावली.

आणि एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. एवढ्याशा. खांद्याला पिशवी, डोळे बारीक केलेले. मला म्हणाल्या, "काका? मी... दचकताई." मी दचकलो. तेवढ्यात त्यांचा चेहरा रडवेला झाला. "तुमचा आवाज काढायचाच होता हो मला. पण बारीक अक्षरं दिसतच नाहीत. स्क्रीन लांब ढकलत ढकलत टेबलाच्या पार पलीकडे नेला. आता माझे हात पुरत नाहीत. सगळं मी एकटीच करते काका. डोळे गेले तर चित्रं कोण काढणार? घरी कुणालाच सांगितलं नाही. तपासायलाच भीती वाटते." आता एवढं ऐकल्यावर मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं की हे काय आहे ते! पण दचकून दचकून माझी अक्कल ठिकाणावर होती कुठे?

खोलीत गेलो. ती म्हणाली, "दार उघडंच ठेवू या?" मी म्हटलं, "ठेवू या की." बाहेरून मालकीणबाई नुसत्या खाकरल्या. मी दार लावलं, दिवा घालवला. मग तिने बारीक आवाजात विचारलं, "काका, तुम्ही घाबरत नाही ना?" मी म्हटलं, "छे! दचकतो." तर ती म्हणाली, "मी घाबरते. लहानपणापासून. एकटीला फार भीती वाटते, म्हणून मग सगळ्यांना वाटून टाकते." तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा मला तिची फार माया वाटली. एवढ्या लोकांना मारणारी बाई, आणि खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसलेली.

लांबचा तक्ता तिने घडाघडा वाचला. मग हातात जवळचं वाचायचं कार्ड दिलं, भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं... आणि आता विचारणं आलं.  तिला ठाऊक, मला ठाऊक, काय येणार आहे ते. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "हे बरं... की हे?" ती किंचाळली! ती किंचाळली म्हणून मी किंचाळलो! आम्ही किंचाळलो म्हणून बाहेर मालकीणबाई किंचाळल्या! आणि मग ती हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "हे. हे बरं काका. दिसतंय! सगळं वाचता येतंय!" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "ताई, काही झालेलं नाही हो तुम्हाला. चाळिशी लागलीय, चाळिशी."  आणि मग जी किंकाळी फुटली! "चाळिशी?!" इतकी भयानक किंकाळी तिच्या एकाही गेमात नाही. डोळे गेले म्हटलं असतं तर एवढी ओरडली नसती.

तर झालं भलं. चष्मा घेऊन गेली, माझा आवाज काढते म्हणाली, मीही निवांत झालो. पुन्हा दार लावून, दिवा घालवून तपासायला लागलो, नंबर बरोबर यायला लागले, नोकरी वाचली. आणि मग तिने ग्रुपवर लिहिलं. आमचं दुकान, माझी किंकाळी, मालकीणबाईंची किंकाळी, चाळिशी... मी हसून हसून लोळलो. शेवटी लिहिलं होतं, "काकांचा आवाज काढायला बसले. नवा चष्मा लावून माझाच गेम पहिल्यांदा नीट पाहिला. खुर्चीमागच्या कोपऱ्यात दोघं उभे आहेत. चित्रात मी एकच काढला होता."

खाली सगळे "मेलो, मेले, सहकुटुंब मेलो!" विनोदीच आहे हो ते. विनोदी लेखन आहे. ...आहे ना? मी आपलं खात्रीसाठी तिला विचारलं, "ताई, गंमत ना?" तर तिचं उत्तर काय आलं? "काका, तुम्हीच सांगा. एक बरा, की दोन?"

तेव्हापासून दुकानाबाहेर ही गर्दी! सगळे तिचे चाहते. डोळे ठणठणीत असलेलेसुद्धा येतात, खुर्चीत बसतात, मला वाक्य म्हणायला लावतात आणि पोटभर ओरडून जातात. मालकीणबाईंनी तर दाराला आतून कडीच बसवून घेतली. म्हणाल्या, "दार पक्कं लागलंच पाहिजे, लोक त्यासाठीच येतात." आवाज काढायचा विषयच संपला. आता मी दिवसभर आत असतो. दिवा घालवतो, वाकतो, विचारतो. खोलीत गिऱ्हाईक आणि मी, असे आम्ही दोघं. दोघंच. मागे वळून मोजत नाही मी. कशाला मोजायचं? पण मधूनमधून काय होतं, गिऱ्हाइकाला विचारतो, "हे बरं, की हे?" आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधीच मागून उत्तर येतं, "हे."

घाबरत नाही हो मी. उत्तर बरोबर असतं. लिहून घेतो.