फरहीन मुलाणी टँजियरला निघाल्या, त्या निमित्ताने

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे मालक माननीय साहेबराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, काळेवाडीचं गॅरेज आज बंद ठेवून आलेले फरहीनताईंचे वडील अकबरभाई, ताईंच्या मातोश्री रहमतबी, आणि शिफ्ट सुटूनही घरी न जाता थांबलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना नमस्कार.

मी गोरक्ष. चाकणच्या या कारखान्याचं उत्पादन सांभाळतो. गाड्यांचे रबरी पाइप बनवणं मला जमतं, भाषणाचं मात्र आपण सांभाळून घ्यावं.

दोन वर्षांपूर्वीची आपली अवस्था कोण विसरेल? ऑर्डरी आटल्या, दुसरी लाइन बंद पडली, कंत्राटावरची पोरं गावी परतली. तेव्हा साहेबांनी परदेशात छोटा कारखाना काढायचं मनावर घेतलं. दुबई, मलेशिया, तुर्की आणि मोरोक्को अशी नावं निघाली. निर्यात बघणाऱ्या फरहीनताईंना साहेब म्हणाले, "तुम्हीच बघून या. तुमच्यातलेच लोक आहेत, सोपं जाईल."

ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माझी माणसं इथेच रहाटणीत राहतात. तिकडं मीही तुमच्याइतकीच परकी."

साहेब, रागावू नका. हा किस्सा तुम्हीच पाहुण्यांना हसून सांगता.

ताईंबरोबर मीही फिरलो. चारही ठिकाणी मुसलमानांची वस्ती जास्त, पण धंद्याची तऱ्हा एक आहे का? मुळीच नाही. दुबईत ऑफिस चटकन उघडता येईल, माल फिरवायला जागा उत्तम. पण आमचा पाइप घेणारे गाड्यांचे कारखाने तिथे कुठे? मलेशियात सगळं शिस्तीत, पण तिथल्या गाडीवाल्यांचे पुरवठादार आधीच पक्के होते. तुर्कीतले कारागीर बघून माझा जीव तिथेच रमला. मात्र महागाई अशी की आजचा भाव पुढे टिकेल, हे छातीठोकपणे कुणी सांगेना. मोरोक्कोत टँजियरचं बंदर, जवळच गाड्यांचे कारखाने, समुद्रापलीकडे युरोप. पण तिथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही, आणि व्यवहार फ्रेंच-अरबीत.

परतल्यावर साहेब आणि मी तुर्कीच्या बाजूचे. ताई एकट्या मोरोक्कोवर अडून बसल्या.

"तुम्हाला तुलना करायला पाठवलं होतं, निर्णय द्यायला नाही," साहेब म्हणाले.

"तुलना केली म्हणूनच सांगतेय. शेड भाड्याने घेऊ. पाइप इथून नेऊ, तिथे फक्त जोडणी करू. नाही जमलं तर मी नोकरी सोडते."

खाली युनियनच्या ज्योतीरामनं त्यांना गाठलं. "ताई, तिकडं कारखाना झाला की हितं कुलूप लागंल का?"

"ज्योतीरामभाऊ, पाइप इथलाच जाणार. तुमचा हात थांबला, की माझंही काम थांबलं."

शेवटी साहेबांनी होकार दिला आणि ताई टँजियरला गेल्या. पहिलाच माल नापास झाला, जोडातून गळती. त्यांचा फोन आला. "दादा, पाइप चांगला आहे, क्लॅम्प आवळताना चुकतंय. शिकवायला माणसं पाठवा." साहेबांनी एका शब्दानं विरोध केला नाही. ज्योतीराम आणि आपल्या लाइनवरची साक्षी गेले. दोघांना फ्रेंचचा गंध नाही. तिथल्या मुलींच्या हातावर हात ठेवून शिकवलं. पुढचा माल पास झाला, ऑर्डर पक्की झाली, आणि आपली बंद लाइन पुन्हा सुरू झाली. गावी गेलेली बरीच पोरं आज या सभागृहात बसलीयत.

आता तिथे पक्का कारखाना उभा राहतोय आणि ताई त्याच्या प्रमुख म्हणून निघाल्यायत.

काल मी अकबरभाईंच्या गॅरेजवर गेलो होतो. म्हटलं, काळजी करू नका. ते हात पुसत म्हणाले, "गोरक्षभाऊ, जो तो सांगतोय, इस्लामी मुलूख आहे, काळजी कसली. अहो, लेक लांब चालली की मुलूख कुठलाही असो, बापाला काळजी असतेच. पण खरं सांगू? लहानपणी ही गॅरेजवर यायची, तर लोक विचारायचे, पोरीचं इथं काय काम. आता ती कारखाना चालवणार. काळजीपेक्षा आनंद मोठा आहे."

यापुढे मी काय बोलणार? अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, आपण मनापासून ऐकलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द आगाऊ गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि अकबरभाई, रहमतबी, तुम्ही तुमची लेक आमच्या भरवशावर पाठवताय, असं समजू नका. आम्ही सगळे तिच्या भरवशावर आहोत.