पुढच्या बुधवारी या

...नाय, पण मला सांगा, बुधवारच का? आठवड्याला सात वार असतात का नाय? आमच्या चिकलठाण्याच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी, अन् दिव्यांगाच्या दाखल्याचं बोर्ड दवाखान्यात बसतं बुधवारी! म्हंजी दर बुधवारी रजा मागा. सुपरवायझर सांडूभाऊ म्हणतो, "शिवराज, असं कर, तू शुक्रवारीच येत जा. कुणी नसतं, मशीनीशी गप्पा मारत बस!" हसा, हसा. पहिले चार बुधवार मी बी हसलो.

तुम्हाला सांगतो, आमची श्रेया सहा वर्षांची, पण एक शब्द बोलत नव्हती. हाक मारली तर बघायची नाय, अन् शेजारच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला की तासभर बघत बसायची, अशी खूश होऊन... च्यायला, त्या गिरणीचा हेवा वाटायचा मला! आमची आई, भागूबाई, म्हणायची, "तू बी चार वर्षं मुकाच होतास रे. पोपटानं चोच मारलेला पेरू चार तिला." चारले हो! पार हर्सूल तलावापर्यंत पोपट शोधत हिंडलो! त्या नादात दोन वर्षं गेली... ते माझंच चुकलं, आता कुणाला बोलू? मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ऑटिझम हाय, शिकवलं तर लई शिकंल, पण उशीर नका करू. थेरपीच्या शाळेत फुकटची एकच जागा उरलेली, अन् ती दाखल्यावर. तिथल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "दादा, महिनाअखेरपर्यंत धरून ठेवते. पुढचं माझ्या हातात नाही."

गेलो. खिडकीतला क्लार्क, मान खाली घालूनच, "डॉक्टर रजेवर आहेत. पुढच्या बुधवारी या." गेलो. "आधारवर तान्ह्या बाळाचा फोटो आहे, बदलून आणा. पुढच्या बुधवारी या." मग सर्व्हर डाऊन. मग बुद्धीची चाचणी घेणाऱ्या मॅडम ट्रेनिंगला. अन् त्या गर्दीत श्रेया कानावर हात दाबून, पंख्याकडं बघत डोलत बसलेली, अन् बाजूचे म्हणायचे, "पोरीला जरा वळण लावा की!" काय सांगावं त्यांना? अन् खिडकीतून तेच, त्याच सुरात... पुढच्या बुधवारी या!

शेवटी नंबर लागला हो! महिन्याचा शेवटचाच बुधवार. समोर डॉक्टर, डॉक्टरपुढं फॉर्म, बायकोनं माझा हात घट्ट धरलेला. डॉक्टरनं पेनाचं टोपण काढलं, गोड आवाजात विचारलं, "बेटा, नाव काय तुझं?" अन् मी मनात म्हणतोय, देवा, आजच्या दिवस हिला गप्प राहू दे... बघा, जिच्या एका शब्दासाठी नवस केले, तिच्यासाठी बाप हे मागतोय! लाज वाटली मला माझी. अन् पोरगी पंख्याकडं बघत, खणखणीत, हुबेहूब त्या क्लार्कच्या आवाजात म्हणाली...

"पुढच्या बुधवारी या!"

बायको रडायलाच लागली. मी बी. डॉक्टर म्हणतात, "अहो, ही तर पूर्ण वाक्य बोलते! फॉर्मवर 'बोलत नाही' लिहिलंय!" म्हटलं, साहेब, कानावर पडलेलं तेवढं म्हणाली, अर्थ नाय कळत तिला. "असेल हो, पण मग बोलण्याची तपासणी नव्यानं करावी लागेल, त्यासाठी तुम्ही..." त्यासाठी आम्ही कधी यायचं, ते त्यांना सांगायची गरजच पडली नाय. पोरीनंच सांगितलं.

जागा गेली. द्वारकाबाई बिचाऱ्या चांगल्या, म्हणाल्या पुढच्या साली बघू. घरी आई गल्लीभर सांगत सुटली, "पेरूचा गुण आला!" मी संध्याकाळी श्रेयाला समोर बसवलं. म्हटलं, माय, एवढं मोठं वाक्य जमलं तुला, आता एकच शब्द म्हण. पप्पा म्हण. तिनं पंख्यावरची नजर काढली, माझ्याकडं बघितलं, अगदी पळभर...

"पुढच्या बुधवारी या."

येतो म्हटलं, माय. रजेचा अर्ज दिलेलाच हाय.