लेकीच्या घरचं

बायना : कूस बदल माय, पाठ बगू दे.

सुलाबाई : पाठीचं काय बगायचंय? हाय तशीच हाय.

बायना : किशननं निरोप धाडलाय. समदं नीट बगून ये, मायला कसं ठेवायलेत ते, म्हणून. भाऊ तिकडं पुण्याला अन् बगायला मी. हिकडं वळ… अगं बया! हे काय गं? ओ कस्तुराबाई! जरा हिकडं या!

कस्तुराबाई : काय झालं?

बायना : माझ्या मायची पाठ सडायलीय. आश्रम चालवता न तुमी? डोळे हायत का न्हाईत?

कस्तुराबाई : आहेत. रोज पुसून पावडर लावते. पण अंगावरून वारं गेलेलं माणूस घडीघडी कुशीवर वळवावं लागतं, बाई. त्याला हात लागतात. दोन आया होत्या. एक लग्न होऊन गेली. दुसरी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली ती आलीच नाही. म्हणाली, दगडाला वास तर येत नाही.

बायना : अन् जेवायला काय देता?

कस्तुराबाई : वरण-भात, दोन्ही वेळा. चतुराबाई करतात. ताट प्रत्येकाच्या खाटेशी ठेवते मी.

बायना : ठेवता. अन् हिचा उजवा हात हलत न्हाई, ते?

कस्तुराबाई : डावा चालतो की. पण डाव्या हातानं घास घेत नाहीत त्या. मी भरवते जमेल तेव्हा. नाही जमलं की ताट तसंच परत जातं.

सुलाबाई : गप की गं बायना. चांगलं करतेत ते.

बायना : चांगलं? हाडं मोजून घ्यावीत अशी झालीस. म्या दशम्या आणल्यात, दुधातल्या. मऊ हायत. आ कर.

सुलाबाई : कुठं केल्यास?

बायना : कुठं म्हंजी? घरी. चुडाव्याला.

सुलाबाई : मंग ठेव तिकडं.

कस्तुराबाई : अहो, लेकीनं एवढ्या लांबून आणल्यात. घ्या की एक घास.

बायना : न्हाई घ्यायची ती. आमच्यात लेकीला लेकरू झाल्याबिगर मायबाप तिच्या घरचं पाणीसुदिक घेत न्हाईत. अन् मला झालंच न्हाई. इतक्या वर्सात ही माझ्या दारी आली, वट्ट्यावर बसली, अन् पाणी शेजारच्या घरचं पिऊन गेली.

सुलाबाई : रीत हाय ती.

बायना : हितं परक्याचं खातीसच की.

सुलाबाई : परक्याचं चालतं. लेकीचं फिटत न्हाई.

बायना : मालकानं दुसरी केली. तिची दोन पोरं मलाबी मायच म्हणतेत. ती धर की.

सुलाबाई : तुझ्या पोटची न्हाईत.

बायना : न्हाईत. पयलं हे ऐकलं की रडू यायचं. आता कायबी येत न्हाई.

कस्तुराबाई : सुलाबाई, कोण बघायला येतंय आता हे सगळं?

सुलाबाई : मी बगते न.

बायना : चल म्हणलं तर चुडाव्याला यायची न्हाईस. आलीस तर उपाशी मरशील. अन् हितं ठेवली तर सडून. किशनला सांगू तरी काय?

सुलाबाई : सांग, बरी हाय. काम बुडवून यील उगं.

बायना : कस्तुराबाई, त्या आयांच्या जागी कुणी घेतलंत का?

कस्तुराबाई : कोण येतंय? पगार थोडका. राहणं-खाणं मात्र इथलंच.

बायना : मी राहते.

कस्तुराबाई : मालकांना विचारलंत?

बायना : तिथं माझ्याबिगर काय अडतंय? चूल तिची, पोरं तिची. सांगून धाडीन कुणाजवळ.

कस्तुराबाई : नुसतं आईचं करून भागणार नाही हं. सगळ्यांचं हगणं-मुतणं काढावं लागेल.

बायना : काढते.

सुलाबाई : येडी झाली का बायना? नांदती लेक हितं मोलानं राबणार? लोकं तोंडात शेण घालतील!

बायना : घालू दे. तुझ्या तोंडात दोन घास तर जातील. कस्तुराबाई, ताट आणा.

(कस्तुराबाई वरण-भाताचं ताट आणून बायनाच्या हातात देतात.)

सुलाबाई : कुणी केलंय हे?

बायना : चतुराबाईनं. तांदूळ हितला, मीठ हितलं, पाणी हितल्या रांजणातलं. ह्यात माझं कायबी न्हाई माय.

सुलाबाई : हात तर लेकीचाच हाय.

बायना : हात आता हितल्या आयाचा हाय. कस्तुराबाईला इचार.

कस्तुराबाई : आमचीच बाई आहे, सुलाबाई. आजपासून.

सुलाबाई : … पक्कं?

कस्तुराबाई : पक्कं.

सुलाबाई : मंग बारीक घास कर, बाई. मोठा गिळवत न्हाई मला.