नव्या इंजिनाचे लाड

आमच्या फौजीचं काय सांगू! रिटायर होऊन साताऱ्याला आले आणि रिमोटवर पळणारी, खऱ्या इंजिनाची खेळण्यातली गाडी घेतली. तासगावला भाचीचा साखरपुडा, एसटीची वेळ झालेली, मी पिशवी घेऊन दारात. हे अंगणात धुरात बसलेले.

“आवं, उठा की!”

“अजून दोन टाक्या तेल जाळायचंय. नवं इंजिन हाय, दमानं फिरवायचं, मधी थंड करायचं. एकदम पळवलं तर कामातनं जातंय.”

माझं डोकंच फिरलं. “मी ह्या घरात नवी आले, तवा दुसऱ्याच दिवशी ऊस भांगलायला धाडलं. मला कुणी दमानं घेतलं?”

आतनं सासूबाई ओरडल्या, “तुला कशाला दमानं? तू म्हायेरातनंच तापून आलीवतीस!”

हे असे हसले, की रिमोटचा खटका पार दाबला गेला. इंजिन किंचाळलं आणि गप झालं.

एसटी मात्र गावली.